ब्लॉकप्रिंटचा सुती उन्हाळी ड्रेस: कापड, बेतणी, हातकाम, धुणं

उरेबपट्टी

या मंचावरच्या उन्हाळी कपड्यांच्या चर्चेच्या धाग्यात ब्लॉकप्रिंटच्या ड्रेसबद्दल इतके प्रश्न आले की मूळ विषय बाजूलाच पडला, म्हणून हा वेगळा धागा काढते. डोळ्यांसमोर नेहमीचाच प्रकार आहे: कंबरेशी चुण्या, कोपरापर्यंत बाही, पुढे दहा इंचांची उघडणारी पट्टी, तिला पोटली बटणं (कापडाची गोळीसारखी बटणं), दोन्ही बाजूंना आतले खिसे आणि गळ्याशी थोडं हातकाम. मापं इंचात देते, कारण टेलर मास्तर इंचातच बोलतात. कापड मात्र मीटरवर मिळतं.

छाती ३६, तयार ड्रेस छातीत ४०, एकूण उंची ४५ (वरचा भाग १५, घेर ३०) असा हिशोब धरू. ब्लॉकप्रिंटचा पन्हा (कापडाची रुंदी) ४४ सांगतात, पण काठ आणि काठाजवळची कोरी पट्टी सोडली की हातात ४२ उरतो.

घेराचे दोन पाट, प्रत्येकी ३३ उंच (३० + खाली अडीच + वर अर्धा): ६६ इंच. वरचा पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २२ रुंद. हे दोन्ही शेजारी शेजारी ४२ मध्ये बसत नाहीत, इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. एकाखाली एक ठेवावे लागतात, म्हणजे १७ + १७ = ३४ इंच. त्यांच्या बाजूला २० इंच रुंदी उरते, तिच्यात दोन्ही बाह्या निघतात. एकूण १०० इंच, म्हणजे साधारण २.५५ मीटर. आटायचं पाच टक्के धरा, टोकं सरळ करायला चार इंच धरा, आणि बुट्टी जुळवायला थोडं. ३ मीटर घ्या. पुढे पिनटक (बारीक शिवलेल्या घड्या) हव्या असतील तर सव्वातीन, कारण पाव इंच कापड खाणाऱ्या १६ पिनटक चार इंच रुंदी खातात आणि मग बाहीला जागा पुरत नाही.

अस्तर फक्त घेराला: २७ रुंद, २७.५ उंच असे दोन पाट. दीड मीटर मलमल पुरते आणि बाजूच्या १७ इंची पट्टीत खिशांचे चारही तुकडे निघतात.

मुंबईत कापड मंगळदास मार्केट किंवा हिंदमाता, लेस-बटणं-दोऱ्या भुलेश्वर. मंगळदासला रविवारी जाऊ नका, बंद असतं.

आडवाधागा

हिशोब बरोबर. कापडाबद्दल भर घालतो.

दुकानदार 'कॉटन' म्हणून दाखवतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. केम्ब्रिक ६० नंबर सुताचं, गाठीवर '६० बाय ६०, ९२ बाय ८८' असं काहीसं लिहिलेलं असतं. पहिली जोडी सुताचा नंबर, दुसरी एका इंचातले उभे-आडवे धागे. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. मलमल ८० ते १०० नंबरची, विरळ विणीची. वॉइलचं सूत जास्त पिळाचं असतं, म्हणून ते मलमलीइतकंच पातळ असूनही हाताला जरा करकरीत लागतं आणि चुरगळल्यावर लवकर सावरतं. पॉपलिन घट्ट विणीचं. मुंबईच्या दमट हवेत दुपारी दोन वाजता ते अंगाला चिकटतं, त्यात हवा खेळत नाही. दुकानात मात्र तेच सगळ्यात 'भारी' वाटतं.

या ड्रेसला माझं मत केम्ब्रिक. मलमल सुंदर पडते, पण पोटली बटणांची पट्टी आणि खिसे तिला ओढून खाली आणतात. मलमलच हवी असेल तर गळा, पट्टी आणि खिशाच्या तोंडाशी त्याच कापडाचा दुसरा थर द्या.

चुण्यांचं प्रमाणही कापडावर ठरतं. कंबरेची शिवण ३८ धरली तर मलमलीला ८४ इंच घेर (सव्वादोनपट) शोभतो. केम्ब्रिकला तेवढा दिला तर कंबरेभोवती उशी बांधल्यासारखं दिसतं. केम्ब्रिकला ६४ ते ६८ पुरे. पाट ३२-३४ चे कापा, बाजूला उरलेल्या आठ इंची पट्ट्यांत उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या आणि बटणांचे लूप निघतील.

चुणीदार

छान धागा. एक प्रश्न: खरं ब्लॉकप्रिंट कसं ओळखायचं? 'उलट बाजूला रंग उतरला असेल तर ब्लॉक' असं सगळीकडे वाचलंय.

हिरडा

तो नियम अर्धाच खरा आहे. रंग मागे उतरतो का हे रंगाच्या जातीवर ठरतं, ठशावर नाही. पिगमेंट रंग चिकटद्रव्यासकट कापडाच्या वर बसतो, तो हाताने ठसा मारला तरी मागे फारसा जात नाही. उलट रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक जोड होणाऱ्या) रंगाचं पातळ कापडावरचं यंत्रछापीलही मागे छान उतरतं.

बघायचं ते असं. कापड निदान मीटरभर उलगडा. ठसा साधारण चार ते आठ इंचांचा असतो, त्यामुळे तेवढ्या अंतरावर जोड दिसतो: कुठे रेष केसभर चढलेली, कुठे किंचित फट. ठशाच्या कोपऱ्यात जुळवणीसाठी बारीक ठिपके असतात, ते फुलांच्या गर्दीत लपलेले सापडतात. एका नक्षीला बहुधा तीन ठसे लागतात: बाह्यरेषेचा रेख, जमिनीचा (नक्षीमागच्या भागाचा) गद, आत रंग भरायचा दत्ता. दत्त्याचा रंग रेषेबाहेर कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकलेला दिसला तर हात माणसाचा आहे. सगळीकडे एकाच बाजूला तेवढाच सरकला असेल तर यंत्राचा.

आता नकली जोडही छापतात. तेव्हा एखादा दोष पकडा, रंगाचा थेंब किंवा तुटलेली रेष, आणि पुढे तोच कुठे येतो ते मोजा. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर असतो. हुबेहूब तोच थेंब दर ६४ सेंटिमीटरवर भेटला की विषय संपला. (यंत्रछापील वाईट असतं असं नाही. ठशाच्या भावात घेऊ नये इतकंच.)

आणि ब्लॉकप्रिंट म्हणजे हातमाग नव्हे. बहुतेक ठसेकाम गिरणीच्या कापडावर होतं. हातमागाचं कापड हवं असेल तर हँडलूम मार्क वेगळा बघावा लागतो.

गिरगावी

प्रत्येक गावचं कापड शिवताना वेगळं वागतं, तेही कुणीतरी सांगा.

हिरडा

सांगानेर (जयपूरजवळचं): पांढरी जमीन, बारीक फुलं. शिवायला सगळ्यात सोपं, पण पांढऱ्या जमिनीला अस्तर लागतंच.

बगरू (तेही जयपूरजवळचं): जमीन मुळात हिरड्याने पिवळसर झालेली, तिच्यावर तुरटीने लाल आणि लोहाने काळा. लोहाचा रंग गुळाच्या पाण्यात जुनं लोखंड आंबवून करतात. दाबू म्हणजे चिखलाचा लेप (काळी माती, चुना, डिंक, किडक्या गव्हाचं पीठ), वर लाकडाचा भुसा भुरभुरवतात आणि मग नीळ चढवतात. लेपाला तडा गेला की निळ्याची शीर उमटते, तो दोष नव्हे. दाबूच्या नव्या कापडात मातीचा कण उरलेला असू शकतो. आधी झटका आणि धुवा, नाहीतर सुई लवकर बोथट होते.

अजरख (कच्छचं): पायऱ्या खूप, कापड धुऊन धुऊन आलेलं असतं, त्यामुळे पुढे कमी आटतं. तिथल्या धमडका गावच्या पाण्यात २००१च्या भूकंपानंतर लोहाचं प्रमाण वाढलं आणि लोहाने रंगच बदलतो, म्हणून कारागिरांनी अजरखपूर वसवलं. पाण्याला एवढं महत्त्व आहे. अजरखची नक्षी भूमितीची असल्याने बेतणीत जरा तिरकं गेलं की लगेच डोळ्यात भरतं. पहिलाच ड्रेस शिवताना अजरख घेऊ नका.

बाघ: धार जिल्ह्यातलं, पांढऱ्यावर लाल-काळं, धायटीच्या फुलांसोबत उकळून लाल पक्का करतात. काठाची नक्षी मोठी असते, घेराच्या तळाला ती वापरायची तर पाट आडवे कापावे लागतात आणि कापडाचा हिशोब बदलतो. उरेबपट्टींच्या तीन मीटरमध्ये ते बसणार नाही.

केळीचेपान

+१. तुरटी-लोहाच्या या पक्क्या रंगानेच युरोपला वेड लावलं होतं. तिथे छापील सुती कापडाचे रंग धुण्यात टिकत नसत, भारतातल्या कापडाचे टिकत. आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली आणि इंग्लंडने १७२१मध्ये ते वापरण्यावरच. विषयांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

चुणीदार

पक्का रंग म्हणता, पण निळीचं कापड तर चार धुण्यांपर्यंत पाणी निळं करतं. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवू का?

हिरडा

नको. मिठाने किंवा व्हिनेगरने सुती कापडावरचा तयार रंग पक्का होत नाही. आणि काळा लोहाचा असेल तर आंबट पदार्थाने तो उलट जातो. लिंबाचा थेंब पडला तरी काळ्याच्या जागी पिवळट डाग उमटतो. व्हिनेगरच्या बादलीत बगरू बुडवायचं म्हणजे पैसे देऊन रंग काढायचा.

जो रंग धाग्याला नीट धरलेला नाही तो काढून टाकणं एवढंच हातात असतं. गार पाणी, चिमूटभर सौम्य साबण, चाळवून लगेच बाहेर. पाणी स्वच्छ येईपर्यंत परत. भिजत घालून विसरलात तर सुटलेला रंग पांढऱ्या भागावर बसतो. नीळ धाग्याच्या वरवर बसते, म्हणून ती घासण्यानेही जाते: पर्सचा पट्टा खांद्यावर जिथे घासतो तिथे पांढरट ओरखडा येणारच.

दुकानात करायची चाचणी: पांढरा रुमाल ओला करा, पिळा, गडद भागावर दहा वेळा घासा. किंचित रंग आला तर ठीक. रुमाल चांगलाच रंगला आणि कापड हाताला किंचित रबरी लागत असेल तर पिगमेंट नीट भाजलेला नाही. त्याला उष्णता कमी मिळालेली असते आणि तो घड्यांवर पांढरा पडत जाणार. घरी इस्त्रीने ते पूर्ण भरून निघत नाही. ठेवून द्या.

उरेबपट्टी

आता कापड भिजवण्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथून येतात.

ड्रेसचं कापड, अस्तराची मलमल, सुती लेस, गळ्याची दोरी, भरतकामाचा दोरा हे सगळं बेतण्याआधी भिजवायचं. वेगवेगळं. अस्तर विसरलं जातं, आणि मग पहिल्या धुण्यात ते दीड इंच वर जातं आणि कंबरेची शिवण आतून ओढते. लेसही तशीच: कोरी क्रोशा लेस लावली की ती आटते आणि तळ चुण्या घातल्यासारखा गोळा होतो. मग मास्तरांच्या नावाने खडे फोडायचे.

पांढऱ्या-फिक्या कापडाला गार पाण्यात रात्रभर, रंगीत-निळीला वर हिरडा यांनी सांगितलं तसं. पिळायचं नाही, उभ्या धाग्याच्या दिशेने लोंबतं घालायचं, सावलीत. किंचित दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री. उभ्या धाग्यात आडव्यापेक्षा जास्त आटतं. म्हणून न भिजवलेला ड्रेस छातीत होतो पण उंचीला तोकडा पडतो.

भिजवायच्या आधी आणि नंतर लांबी मोजा. तीन मीटरचे २.८५ झाले तर पाच टक्के आटलं. अजून शंका असेल तर परत एकदा भिजवा, मलमल दुसऱ्या वेळीही थोडी आटते.

मुंढा

बेतणीबद्दल लिहितो.

पहिलं काम: आडवा धागा ओढून टोक सरळ करणं. फाडून नाही, विरळ मलमल फाडताना कडेचे धागे ताणले जातात. मग बघायचं, ठशाची ओळ आडव्या धाग्याला समांतर आहे का. बहुतेकदा नसते, कारण ठसे मेजावर ताणलेल्या कापडावर मारतात आणि काढल्यावर कापड आपल्या जागी परत जातं. पूर्ण पन्ह्यात अर्ध्या इंचापर्यंत तिरकं असेल तर घेर ठशाच्या ओळीने कापा, चुण्यांत ते कळत नाही. वरचा भाग मात्र धाग्यानेच. धागा सोडून कापलेला वरचा भाग धुतल्यावर पिळतो आणि बाजूची शिवण पोटावर येते. एक इंचाहून जास्त तिरकं असेल तर ते कापड घेऊच नका, किंवा त्याची ओढणी करा.

दुसरं: मोठी बुट्टी. कागदाच्या बेताला खिडकी कापून कापडावर सरकवत बघा. छातीच्या उंचवट्यावर बरोबर गोल फूल येऊ देऊ नका, एवढं सांगितलं तरी पुरे. पुढच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची नक्षी जुळवायची तर डावा-उजवा एकाच वेळी दुहेरी घडीवर कापू नका. ठसे हाताचे असल्याने घडीच्या आतली ओळ वरच्या ओळीवर कधीच बसत नाही. एक कापा, तो सुलट बाजूने कापडावर ठेवून नक्षी जुळवा, मग दुसरा.

तिसरं: मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा. उन्हाळी ड्रेस आहे म्हणून मुंढा खूप खोल करतात, 'हवा लागेल' म्हणून. खोल मुंढ्याने हात वर करताना अख्खा ड्रेस वर येतो, लोकलमध्ये कडी धरणाऱ्यांनी विचारा. मुंढा अर्धा इंचच उतरवा आणि हालचालीला जागा हवी तर काखेत चौबगळा घाला: तीन इंचांचा चौकोन, तिरका बसवलेला. जुन्या अंगरख्यांत असायचा तोच. घामाने आधी काखेतलं कापड जातं, चौबगळा उसवून नवा लावता येतो हा दुसरा फायदा. म्हणून थोडं कापड जपून ठेवा.

माया (शिवणीबाहेर ठेवायचं जादा कापड) बाजूंना एक इंच, खांद्याला अर्धा. सुई ११ नंबर, मलमलीला ९. टाका अडीच मिलिमीटर, मलमलीला दोन. दोरा पॉलिएस्टरचा चालतो, पण तो आटत नाही. न भिजवलेलं कापड त्याने शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर सगळ्या शिवणी सुरकुततात, आणि दोष मशीनच्या टेन्शनला दिला जातो.

गिरगावी

फ्रेंच शिवण की इंटरलॉक?

मुंढा

बाजू आणि खांदे फ्रेंच, मुंढा आणि कंबर इंटरलॉक (मशीनने कडेवर गुंफलेला टाका). फ्रेंच शिवण अशी: कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, टिपेबाहेरची माया अर्धी कापून टाका, उलटवून इस्त्री, मग सुलट बाजू आत घेऊन पाव इंचाहून किंचित जास्तीवर दुसरी टीप. ती माया नीट छाटली नाही की धाग्यांच्या मिशा सुलट बाजूला डोकावतात. मुंढ्याच्या वळणावर ही शिवण जाड होते आणि काखेत टोचते. बाजूला फ्रेंच घेतली तर मायेचा एक इंच आत राहत नाही. पुढे ड्रेस सैल करायचा असेल तर तिथेही इंटरलॉकच करा. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

आडवाधागा

अस्तरावर माझा आक्षेप आहे. केम्ब्रिक गडद असेल तर अस्तर कशाला? मुंबईच्या मे महिन्यात दोन थर म्हणजे घामाला आमंत्रण. स्लिप घाला, वेगळी धुता येते.

उरेबपट्टी

गडद अजरख-निळीला नकोच, मान्य. पांढऱ्या जमिनीला स्लिप सरकते आणि चालताना पायात गोळा होते. मलमलीचं अस्तर घाम टिपतं. घात करतं ते क्रेपचं किंवा 'शांटून'चं अस्तर, मास्तर न विचारता तेच लावतात. कापड तुम्हीच द्या. आणि अस्तराचा तळ ड्रेसच्या तळाला जोडू देऊ नका, सुटा ठेवा, चार इंच वर.

चुणीदार

हातकाम शिवून झाल्यावर करायचं ना?

सुईदोरा

नाही! बेतण्याच्याही आधी, निदान बेतून कापण्याच्या आधी. क्रम असा: कापडावर पुढच्या भागाची बाह्यरेषा आखा, चारही बाजूंना एक इंच जास्त ठेवून ओबडधोबड तुकडा कापा, त्यावर पिनटक आणि भरतकाम पूर्ण करा, धुवा, इस्त्री करा, मग बेत परत ठेवून अचूक कापा. कारण कांथा कापड गोळा करतोच. धावदोराच आहे तो, प्रत्येक टाक्यागणिक केसभर ओढतो, आणि दहा इंचांत अर्धा इंच सहज खातो. आधी अचूक कापून मग कांथा केला तर पुढचा भाग मागच्यापेक्षा लहान होतो, खांदे जुळत नाहीत.

कांथा: केम्ब्रिकखाली मलमलीचा एक थर लावून तिरक्या कच्च्या टाक्यांनी दोन्ही बांधून घ्या. सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर. दोरा हातभरच, लांब घेतला तर कापडातून जाऊन जाऊन केसाळ होतो. ओळींत पाव इंच अंतर. टाका आणि मोकळी जागा सारखी करण्यापेक्षा वर दिसणारा टाका जरा मोठा ठेवा, कांथ्याची ती लाट त्यातून येते. नक्षीच्या बाह्यरेषेला लागून आधी एक ओळ घाला, मग बाहेर बाहेर जा. छापील फुलाच्या आत भरू नका, फूल मरतं. लाल आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग सोडत असेल तर वापरू नका.

आभले (भरतकामातले छोटे आरसे): अर्धा इंच व्यासाच्या वर नको, केम्ब्रिक झोळतं. आधी चार आधाराचे टाके, दोन उभे दोन आडवे, काचेच्या मध्याकडे घट्ट ओढलेले, त्यावर तिरके चार, मग कडेने काजाच्या टाक्यासारखं गोल. आधाराचे टाके कडेजवळ घेतले की विणताना ते बाहेर सरकतात आणि आभला निसटतो. खऱ्या काचेची कड दगडावर हलकी घासून घ्या, नाहीतर धारेने दोरा कापला जातो. प्लॅस्टिकचे आभले इस्त्रीने कायमचे धुरकट होतात. कुठलेही असले तरी इस्त्री जाड टॉवेलवर पालथं घालून. पर्सचा पट्टा येतो तिथे, खांद्यावर, आभले लावू नका.

चिकनकारीच्या तयार पट्ट्या लावणार असाल तर उलट बाजू बघा. एकाच फुलातून दुसऱ्या फुलाकडे सलग बारीक दोरा पळत गेलेला दिसला आणि सगळे टाके एका मापाचे असले तर मशीनचं आहे.

पोटली बटणं: उरेब कापडाचा दीड इंचाचा चौकोन, आत कापडाच्याच चिंध्या घट्ट. कापूस भरू नका. धुतल्यावर त्याची गाठ होते आणि बटण चेपतं. तळाला दोरा गुंडाळून चार टाके घ्या, मग कापा. लूपसाठी इंचभर रुंद उरेब पट्टी, दुमडून घडीपासून जेमतेम अष्टमांश इंचावर टीप, आतली माया छाटायची नाही, तीच नळी भरते. लूपची लांबी सुतळीच्या तुकड्यावर बटण घालून ठरवा: बटण दाबून जायला हवं, कारण लूप वापराने सैल पडतो. दहा इंचांच्या पट्टीत दोन इंचांवर एक, पाच पुरे. छातीच्या सर्वांत रुंद भागावर एक बटण आलंच पाहिजे. वरून मोजत खाली आलात तर ते चुकतं. तिथून सुरू करून वर-खाली मोजा.

गिरगावी

गळ्याच्या पट्टीला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचा आतला थर) लावायचं का?

सुईदोरा

नको. धुतल्यावर बुडबुडे येतात आणि त्याखाली हवा जात नाही. भिजवलेल्या मलमलीची पट्टी पुरते.

उरेबपट्टी

मास्तरांकडे देताना तोंडी सांगू नका, कागदावर लिहून कापडाला टाचा: 'कापड भिजवलेलं आहे. अस्तर हेच. पाट ३३ उंच. खिसे कंबरेच्या शिवणीखाली अडीच इंचांवर, तोंड साडेसहा. तळाला अडीच इंच, हातशिलाई. उरलेलं कापड परत.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. खिशाच्या तोंडाला आत ड्रेसच्याच कापडाची दीड इंची पट्टी लावायला सांगा, नाहीतर बसल्यावर पांढरी मलमल बाहेर डोकावते.

केळीचेपान

धुण्याचं राहिलं. बगरूवर बारीक काळे ठिपके पडलेत, बुरशी समजून घासले, जात नाहीत.

हिरडा

कुठे वाळत घालता? बाल्कनीच्या गंजलेल्या गजावर किंवा लोखंडी स्प्रिंगच्या चिमट्याने लावत असाल तर ती बुरशी नाही. कापडात हिरडा आहे, ओल्या कापडाला गंज लागला की हिरडा आणि लोह मिळून काळा रंग तयार होतो. कारागीर काळा करतात तो याच मेळाने, फक्त इथे तो नको तिथे झाला. ब्लीच लावू नका, आजूबाजूचा रंग आधी जाईल. ठिपका लपेल असं कांथ्याचं फूल काढा. सुईदोरा यांना काम मिळालं. पुढे प्लॅस्टिकची दोरी, प्लॅस्टिकचे चिमटे. तयार ड्रेसला सेफ्टी पिन लावून ठेवू नका, पावसाळ्यात तोच प्रकार होतो.

बाकी धुणं: उलटा करून, गार पाण्यात, रिठा किंवा सौम्य द्रव साबण. पांढरेपणा वाढवणारी पावडर नको, पिवळसर जमीन निस्तेज दिसते. लाँड्रीत दिला तर 'ब्लीच नको, खळ नको' असं पावतीवर लिहून घ्या. खळ उन्हाळ्यात हौसेने दिली तरी जूनआधी धुऊन काढा. खळीच्या कपड्याला पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

चुणीदार

शेवटचा प्रश्न. ड्रेस शिवून झालाय, कापड भिजवलं नव्हतं, पहिल्या धुण्यात उंची दीड इंच गेली. काही करता येईल?

मुंढा

तळाला अडीच इंच दुमड असेल तर ती उसवा. अर्धा इंच ठेवून बाकीची खाली सोडा, आतून दीड इंचांची मलमलीची उरेब पट्टी लावून कड पूर्ण करा. दोन इंच मिळतात. जुन्या घडीची रेष राहील, निळीवर तर पांढरी दिसेलच. तिच्यावर कांथ्याची एक ओळ चालवा किंवा बारीक लेस, आधी भिजवलेली. दुमडच एक इंचाची असेल तर कंबरेची शिवण उसवून मध्ये दोन इंचांची पट्टी घालावी लागेल. उरलेलं कापड मास्तरांकडून परत घेतलंय ना?

चुणीदार

उद्या जाऊन मागते.